चेअरमनचा हिशोब: नायजेरियाचा फुटबॉल, बोनस आणि ‘चॉप’

लागोसवासी
१८ नोव्हेंबर २०२५

रविवारी रात्री नायजेरिया सलग दुसऱ्यांदा वर्ल्डकपबाहेर गेला. मोरोक्कोतल्या रबातमध्ये डीआर काँगोशी १-१, मग पेनल्टीवर ३-४. तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, त्यामुळे फार कोणी पाहिलं नसेल. मी पाहिलं. ज्याच्या शेजारी बसून पाहिलं, त्याच्यासाठी हा धागा.

लागोसच्या वेशीवर आमची फॅक्टरी आहे. तिथल्या स्टोअरचा माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, त्याला सगळे ‘चेअरमन’ म्हणतात. तो कशाचाच चेअरमन नाही. लागोसमध्ये समोरच्याला खूश करायचं असेल तर चेअरमन म्हणायचं, आपल्याकडे शेठ म्हणतात तसं. हवालदार ड्रायव्हरला म्हणतो, कांदेवाली गिऱ्हाइकाला म्हणते. याला मात्र ते नाव चिकटलंय, कारण स्टोअरमधून एक बेअरिंगसुद्धा तो सहीशिवाय हलू देत नाही.

आम्ही मॅच बघितली ती ‘व्ह्यूइंग सेंटर’मध्ये. पत्र्याचं छप्पर, लाकडी फळ्यांचे बाक, पुढे दोन टीव्ही, मागे जनरेटर आणि दारात तिकिटाचे पैसे घेणारी मालकाची बायको. तिसऱ्याच मिनिटाला ओन्येकाने गोल मारला तेव्हा बाक मोडेल अशी उडी सगळ्यांनी मारली. अर्ध्या तासाने काँगोने बरोबरी केली. मध्यंतरानंतर आमचा हुकमी स्ट्रायकर ओसिमेन मैदानात परतलाच नाही, आणि पत्र्याखालचा आवाज खाली बसला. जादा वेळ संपत आला तेव्हा मालक टोपी घेऊन फिरायला लागला. जनरेटरचं पेट्रोल संपत आलं होतं, पेनल्टी बघायच्या असतील तर माणशी शंभर नायरा. चेअरमनने दोघांचे टाकले आणि म्हणाला, “बघ, हरायलासुद्धा वर्गणी.”

परत येताना तो बोलत होता. मी फक्त ऐकत होतो.

त्याच आठवड्यात मंगळवारी, म्हणजे गॅबॉनविरुद्धच्या प्लेऑफला दोन दिवस असताना, खेळाडू सरावाला उतरले नव्हते. जुने थकलेले पैसे द्या, मग उतरतो. बुधवारी तोडगा निघाला, गुरुवारी गॅबॉनला जादा वेळेत ४-१ हरवलं. म्हणजे पोरं खेळतात. चेअरमनचं म्हणणं असं, की संघ मैदानात हरत नाही, फायलीत हरतो. इथल्या पिजिन इंग्रजीत एक शब्द आहे, ‘चॉप’. चॉप म्हणजे जेवणं, आणि चॉप म्हणजे पैसे खाणं. ‘दे डोन चॉप द मनी’: पैसे खाल्ले त्यांनी. मी त्याला सांगितलं, आमच्या मराठीतही पैसे खातातच. रस्त्यात थांबून तो खो खो हसला. त्या रात्रीतलं ते एकमेव हसू.

घराजवळ आल्यावर मात्र गंभीर झाला. म्हणाला, “हरलो की मी फुटबॉल फेडरेशनला शिव्या देतो. जिंकलो की सरकारला विसरतो. मग मी चर्चमध्ये जाऊन मागायचं तरी काय?”

मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा.

---

कोल्हापुरी_किक
१८ नोव्हेंबर

लई वाईट वाटलं राव. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीममधनं परदेशी पोरं खेळत्यात, त्यात नायजेरियनबी असत्यात. सराव झाला की पेठेत पोरांसंगं मिसळ हाणणार, पाव मोजायचं काम नाही. त्यातल्या एकाला गेल्या साली विचारलं होतं, तुमच्या देशाची टीम एवढी तगडी, मग वर्ल्डकपला का न्हाई? नुसतं हात वर करून आभाळाकडं बघितलं त्यानं.

आणि मॅचनंतर त्यांच्या कोचनं, त्या शेलनं, काय सांगितलं वाचलं का? म्हणं पेनल्टीच्या वेळी काँगोच्या माणसानं जादूटोणा केला! आपल्याकडं निदान लिंबू-मिरची मॅचच्या आधी बांधत्यात.

---

तिरकस
१८ नोव्हेंबर

लागोसवासी, लिहिलंय छान, पण तुमच्या चेअरमनचं गणित मला पटत नाही. नायजेरियाला हरवलं कोणी? डेन्मार्कने? स्वित्झर्लंडने? डीआर काँगोने. त्या देशाच्या कारभाराची कीर्ती काय आहे? मोबुटूने बत्तीस वर्षं देश धुऊन खाल्ला, पूर्वेला आजही युद्ध चालू आहे. स्वच्छ कारभार असेल तरच पेनल्टी आत जाते असं असतं तर फुटबॉलचा इतिहास वेगळाच दिसला असता. ब्राझील १९७० साली लष्करी राजवटीत जिंकला, अर्जेंटिना १९७८ साली.

तीन पोरांची किक चुकली. संपलं. प्रत्येक पराभवामागे भ्रष्टाचार शोधणं ही आपलीही सवय आहे, आणि त्यातून खेळाडू आयते सुटतात.

---

निळी छत्री
१९ नोव्हेंबर

तिरकस, तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण थोडं थांबा.

माझं लहानपण नायजेरियातल्या कडूनात गेलं. वडील तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. तेलाच्या पैशाचे दिवस होते, भारतातून शिक्षकांच्या तुकड्याच्या तुकड्या तिकडे जात. कडूनात प्यूजो गाड्या जोडायचा कारखाना होता, गावात जिकडे तिकडे ५०४. मार्च १९८० मध्ये लागोसला आफ्रिका कपची फायनल झाली, नायजेरियाने अल्जीरियाला ३-० हरवलं. सेगुन ओडेगबामीचे दोन गोल. त्याला लोक ‘मॅथेमॅटिकल’ म्हणायचे, आणि गणिताच्या मास्तरांना, म्हणजे बाबांना, याचा कोण अभिमान! ऐन मॅचमध्ये वीज गेली. तेव्हाच्या वीज खात्याचं नाव नेपा, आणि लोक त्याचा अर्थ सांगायचे ‘नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज’. उरलेली मॅच आम्ही शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकली. आईने त्या रात्री सगळ्या आळीला शिरा वाटला होता. शेजारच्या बाई त्याला ‘इंडियन सेमोलिना’ म्हणत आणि दर सणाला मागत.

ते नागरी सरकारचे दिवस. नवं संविधान, निवडून आलेले राष्ट्रपती शगारी. वाटत होतं, आता देश मार्गी लागला. पुढे तेलाचे भाव पडले. १९८३ च्या जानेवारीत सरकारने परदेशी मजुरांना, मुख्यतः घानाच्या लोकांना, काही आठवड्यांत देशाबाहेर काढलं. बिचाऱ्यांनी संसार भरले ते चौकड्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. आपल्याकडे एसटी स्टँडवर दिसतात ना, लाल-निळ्या, त्याच. त्या पिशवीचं नावच पडलं ‘घाना मस्ट गो’. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला लष्कराने शगारींना उलथवलं. आम्हीही पुढच्या वर्षी परत आलो, तसल्याच पिशव्या घेऊन.

नंतरची गंमत अशी, की पुढे लोकशाही आल्यावर हीच पिशवी लाचेच्या रोकडीची खूण झाली. खासदारांना पैसे वाटायचे ते ‘घाना मस्ट गो’मधून, असं तिकडच्या वर्तमानपत्रांत सर्रास छापून यायचं. आणि २०२२ साली नायजेरियाला वर्ल्डकपबाहेर काढलं कोणी? घानाने! त्या रात्री तिकडच्या मैत्रिणीने मला नुसता पिशवीचा फोटो पाठवला होता.

---

आकडेमोड
१९ नोव्हेंबर

तिरकस यांच्या मुद्द्यावर. एका मॅचकडे बघाल तर तुम्ही बरोबर. पण पात्रता फेरी दोन वर्षं चालली, तिचा तक्ता बघा. दक्षिण आफ्रिका १८ गुण, नायजेरिया १७, बेनिन १७. दक्षिण आफ्रिकेने निलंबित खेळाडू खेळवला म्हणून त्यांचे ३ गुण कापले गेले, म्हणजे नायजेरियापुढे ताट वाढून ठेवलं होतं. पहिलीच मॅच घरच्या मैदानावर लेसोथोशी, १६ नोव्हेंबर २०२३, निकाल १-१. लेसोथोची लोकसंख्या पुण्याहून कमी. ती एक मॅच जिंकली असती तर १९ गुण, आणि थेट अमेरिका. रबातला जायची वेळच आली नसती. योगायोग असा, की रबातची हारही १६ नोव्हेंबरचीच. बरोबर दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत काय काय झालं? सुरुवातीला कोच पेसेरो. त्याने संघाला आफ्रिका कपच्या फायनलपर्यंत नेलं, मग त्याचा करार संपला. मग फिनिदी जॉर्ज, दोन पात्रता सामन्यांत एक गुण, राजीनामा. मग जर्मनीच्या लाबाडियाचं नाव जाहीर झालं आणि रुजू व्हायच्या आधीच त्याने नकार कळवला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये शेल आला, तोवर चार सामने होऊन पदरात तीन गुण होते. इतकी खांदेपालट आपल्याकडे साखर कारखान्यातही होत नाही. आणि बेनिनचा कोच कोण? नायजेरियाने काढून टाकलेला गेर्नोट रोर. त्याला आपल्या थकबाकीसाठी फिफाकडे दाद मागावी लागली होती.

आता बोनस. कुरबूर बोनसवरून दिसते, पण भांडणाचं मूळ अविश्वासात आहे. मोठ्या स्पर्धेचे पैसे फिफा फेडरेशनला देते, मुख्यतः स्पर्धा झाल्यावर. खेळाडूंना ठरलेला वाटा फेडरेशनने द्यायचा. फेडरेशन म्हणते सरकारने निधी सोडला नाही, सरकार म्हणतं सोडला, तुम्हीच जुना हिशोब द्या. दोन्हीकडचे कागद खरे, खिसा फक्त खेळाडूचा रिकामा. म्हणून तो म्हणतो, आधी हातात द्या. २०१३ मध्ये कॉन्फेडरेशन्स कपला जाताना संघ नामिबियात अडून बसला, विमानात चढेना. २०१४ मध्ये ब्राझीलला फ्रान्सविरुद्धच्या बाद फेरीआधी सराव बंद, राष्ट्रपतींना शब्द द्यावा लागला. २०१९ मध्ये बायकांचा संघ फ्रान्समधलं हॉटेल सोडेना. आणि आता रबात.

ही पोरं युरोपात आठवड्याला बक्कळ कमावतात, त्यांना या पैशांची गरज काय, असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. त्यांना नसेल. किटमन, मसाजवाला आणि देशातल्या लीगमध्ये खेळणारा तिसरा गोलकीपर यांना आहे.

---

खमंग
१९ नोव्हेंबर

धागा वाचतेय. शिऱ्यापर्यंत सगळं कळलं. लेसोथो नकाशात शोधून आले.

---

तिरकस
१९ नोव्हेंबर

आकडेमोड, तक्ता मान्य. लेसोथोचं पाप काँगोच्या माथी मारता येत नाही हे खरं.

पण मग उपाय काय? सरकारने फेडरेशनचा कान धरायचा? धरून पाहिलाय. २०१० मध्ये वर्ल्डकपच्या पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर राष्ट्रपती गुडलक जोनाथन यांनी रागाने आपलाच संघ दोन वर्षांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून काढून घेतला. फिफाने डोळे वटारले, चार-पाच दिवसांत निर्णय मागे. २०१४ मध्ये कोर्टाने फेडरेशनच्या अध्यक्षांना हटवलं, फिफाने देशालाच निलंबित केलं. आपण यातून गेलोय. मे २०२२ मध्ये आपल्या फुटबॉल महासंघावर कोर्टाने प्रशासक नेमले आणि ऑगस्टमध्ये फिफाने भारताला दहा-अकरा दिवस बाहेर बसवलं. म्हणजे कुंपणच शेत खातंय, आणि कुंपणाला हात लावला तर वरून दंड.

---

म्हापशेकर
२० नोव्हेंबर

आमच्या गोंयात नायजेरियन म्हटल्यावर लोक आता वेगळ्याच बातम्या काढतात, म्हणून मुद्दाम लिहितो. राष्ट्रीय लीगच्या जमान्यात धेंपोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिलचा ओडाफा ओकोली हे दोघे नायजेरियन फातोर्ड्याच्या मैदानावर राजे होते. रँटीचा गोल झाला की माझे पप्पा, जे एरवी देवळातसुद्धा हात जोडताना कंजुषी करत, दोन्ही हात वर करून नाचत. दोघांनीही इथे ढिगाने गोल मारले, आणि दोघांपैकी एकालाही त्यांच्या देशाच्या मुख्य संघात जागा नव्हती. विचार करा, त्या देशात किती माल पडून आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप आपल्याकडे झाला. तिरकस म्हणतात ते निलंबन उठलं म्हणून झाला, नाहीतर तोही गेला होता. नायजेरियाच्या मुलींची सेमीफायनल मडगावला कोलंबियाशी, ती आम्ही स्टेडियममध्ये बसून पाहिली. पेनल्टीवर हरल्या. पुढे नवी मुंबईत जर्मनीविरुद्ध पेनल्टीवरच जिंकून तिसऱ्या आल्या. मडगावला मॅच संपल्यावर एक मुलगी मध्यरेषेजवळ पालथी पडून रडत होती. तिच्या कोचने तिला उठवलं नाही, शेजारी जाऊन आडवी पडली. तेवढंच लक्षात राहिलंय.

---

लागोसवासी
२२ नोव्हेंबर

मंडळी, आज अर्धा दिवस होता. तुमच्या प्रतिक्रिया चेअरमनला जमतील तशा इंग्रजी करून वाचून दाखवल्या. सोबत सूया होता, कागदात गुंडाळलेलं तिखट मसाल्याचं भाजलेलं मांस, वर कच्चा कांदा. कोल्हापुरी_किक, तुमचं लिंबू-मिरचीचं वाक्य त्याला तीनदा सांगावं लागलं.

तिरकस, तुमच्या काँगोबद्दल त्याने मान हलवली. “पेनल्टी राजकारणी मारत नाही,” हे त्याला मान्य आहे. पण म्हणाला, काँगोवाले आमच्यासारखेच नागवलेले, तेही जिंकून चार दिवस सगळं विसरतील. “त्यांच्या बायकांना विचार, पेट्रोल स्वस्त झालं का.”

मग त्याने १९९६ ची गोष्ट काढली, ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तेव्हा तो शाळेत होता. वडील छापखान्यात कामाला आणि अबिओलांचे भक्त. एमकेओ अबिओला म्हणजे धनाढ्य व्यापारी, वर्तमानपत्राचे मालक, फुटबॉलवर पाण्यासारखा पैसा ओतणारे, स्वतःचा क्लब असलेले. १२ जून १९९३ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी जिंकली, आणि लष्करशहा बाबांगिडाने ती रद्दच करून टाकली. मग आला सानी अबाचा. अबिओला म्हणाले मीच राष्ट्रपती, तेव्हा त्याने त्यांना आत टाकलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिली. मंडेलांनी जाहीर निषेध केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी आफ्रिका कप होता, नेमका दक्षिण आफ्रिकेत. अबाचाने संघ पाठवलाच नाही! नायजेरिया तेव्हा गतविजेता होता, १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये इटलीला शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत नमवलेला संघ. घरी बसला. शिक्षा म्हणून पुढच्या, १९९८ च्या स्पर्धेलाही बंदी.

वडिलांनी घरात जाहीर केलं, या माणसाच्या राज्यात संघ जिंकला तरी मी टाळी वाजवणार नाही. सहा महिन्यांनी अटलांटा ऑलिम्पिक. सेमीफायनल ब्राझीलशी. रोनाल्डो, रिवाल्डो, बेबेटो, सगळे समोर. ब्राझील ३-१ ने पुढे, ओकोचाची पेनल्टी वाया गेलेली. वडील पाठ करून झोपलेले. इक्पेबाने एक परत केला, नव्वदाव्या मिनिटाला कानूने बरोबरी केली, आणि जादा वेळेत कानूनेच गोल्डन गोल मारला, म्हणजे गोल झाला की मॅच तिथेच संपली. चेअरमन सांगतो, “मी वळून पाहिलं तर खाट रिकामी. वडील लुंगीवर रस्त्यात. ज्या शेजाऱ्याशी अबाचावरून बोलणं टाकलं होतं त्याला मिठी मारून रडत होते.” फायनलला अर्जेंटिनाला ३-२ हरवून सुवर्णपदक.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर अबाचा संघाचं अभिनंदन करताना दिसला. वडिलांनी उठून टीव्ही बंद केला. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

अबाचा ८ जून १९९८ ला गेला, फ्रान्सचा वर्ल्डकप सुरू व्हायला दोन दिवस असताना. महिन्याभराने, सुटकेच्या तोंडावर, अबिओलाही कोठडीतच गेले. अबाचाने बाहेर नेलेला पैसा सरकार अजून गोळा करतंय, एकट्या स्वित्झर्लंडकडून एका हप्त्यात ३२ कोटी डॉलर परत आले. आणि राजधानी अबूजाच्या राष्ट्रीय स्टेडियमला २०१९ मध्ये अबिओलांचं नाव दिलं गेलं. २०२२ मध्ये घानाशी मॅच झाली ती तिथेच. घानात कुमासीला ०-०, इथे १-१, आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने घाना पुढे. चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले, जे हाताला लागलं ते मोडलं. चेअरमन तेव्हा तिथे होता, रात्रभर बस करून गेला होता. म्हणाला, “ज्यांना निवडणूक जिंकून खुर्ची मिळाली नाही, त्यांच्या नावाच्या मैदानातून आम्ही एकही मॅच न हरता बाहेर पडलो. मी काही मोडलं नाही. एक खुर्ची आधीच मोडकी होती, तिच्यावर बसून राहिलो.”

हल्ली मोठ्या मॅच बहुतेक उयो शहरात होतात, कारण अबूजाचं गवत धड नसतं. उयोच्या स्टेडियमला तिथल्या माजी राज्यपालांचं नाव आहे. ते सध्या सिनेटचे अध्यक्ष आहेत.

---

कोल्हापुरी_किक
२२ नोव्हेंबर

लुंगीवर रस्त्यात... काटा आला अंगावर.

---

निळी छत्री
२३ नोव्हेंबर

लागोसवासी, चेअरमनना एक विचारा. त्यांच्या बायकांचा संघ, सुपर फाल्कन्स, याच जुलैत आफ्रिकेचा कप दहाव्यांदा जिंकला. मोरोक्कोविरुद्ध, मोरोक्कोतच, ०-२ वरून ३-२. राष्ट्रपती टिनुबू यांनी प्रत्येकीला एक लाख डॉलर, तीन बेडरूमचा फ्लॅट आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. मग तक्रार उरते कुठे?

माझं मत आधीच सांगते. याच संघाने २०१६ मध्ये कप जिंकून आणला तेव्हा पैशांसाठी अबूजात संसदेवर मोर्चा काढावा लागला होता, कप हातात घेऊन. ठरलेली मजुरी थकवायची आणि कॅमेऱ्यासमोर बक्षीस वाटायचं, हा जहागीरदारी थाट झाला. आमच्या मोलकरणीचा पगार दोन महिने लांबवून दिवाळीला तिला पैठणी दिली तर मी मोठी की लबाड?

---

लागोसवासी
२४ नोव्हेंबर

विचारलं. पैठणी समजावायला दहा मिनिटं गेली, मग खूश झाला. म्हणाला, “या बाईंना आमच्या सिनेटवर पाठवा.” फ्लॅटबद्दल त्याने १९९४ ची आठवण दिली. त्या वर्षी आफ्रिका कप जिंकलेल्या संघाला घरं देऊ असं सरकारने सांगितलं होतं. तो शब्द पाळला गेला २०२२ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी. तोवर वर्ल्डकपमधला देशाचा पहिला गोल मारून जाळी हातात धरून रडणारा यकिनी गेला होता, कप्तान केशी गेला होता. वरातीमागून घोडं. हेही त्याला सांगितलं. त्याने विचारलं, घोडा तरी खरा होता ना?

---

तिरकस
२४ नोव्हेंबर

घोडा तरी खरा होता ना. हे वाक्य मी चोरणार.

बरं, मूळ प्रश्न राहिलाच. चर्चमध्ये काय मागायचं? माझं मत: जिंकणंच मागावं. हरल्याने कुठला चोर पकडला गेलाय आजवर? लेसोथोशी बरोबरी झाली म्हणून कोणाची चौकशी झाली? हरण्याचा उपयोग होतो हीच अंधश्रद्धा. दोन्हीकडून खाणारे खाणारच असतील, तर निदान रस्त्यात नाचायला मिळू दे.

---

आकडेमोड
२४ नोव्हेंबर

पहिल्यांदाच तिरकस यांच्याशी सहमत. नोंद घ्यावी.

एकच पुरवणी. फुटबॉलचं बरं आहे, तिथे लोकांनी निकाल डोळ्यांनी पाहिलेला असतो. २०२३ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत प्रत्येक केंद्राचा निकाल पोर्टलवर लगेच दिसेल असं आयोगाने सांगितलं होतं. ऐन वेळी ते चढलेच नाहीत, आयोग म्हणाला तांत्रिक बिघाड. सुप्रीम कोर्टाने पुढे निकाल कायम ठेवला, तो विषय कायद्यापुरता संपला. पण ज्याने रांगेत उभं राहून मत दिलं, त्याला पडदा काळाच दिसला. व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ बघून दिलेल्या निर्णयावर, कितीही भांडलो तरी रेफ्री मैदानात जाऊन पडदा बघतो, आणि तो बघताना आपल्याला दिसतो.

---

खमंग
२५ नोव्हेंबर

पैसे खाण्यावरून आठवलं. २०१८ मध्ये नायजेरियातल्या परीक्षा मंडळाच्या एका कारकुनाने ३ कोटी ६० लाख नायरा सापाने गिळले असं सांगितलं होतं. ऑफिसच्या कपाटातले. आपल्याकडे उंदीर दारू पितात, त्यांच्याकडे साप नोटा खातात. वन्यप्राण्यांचं पोषण दोन्ही देशांत उत्तम.

---

लागोसवासी
१८ जानेवारी २०२६

धागा वर काढतोय. आफ्रिका कप पाहिला असेल तर माहीतच आहे. अल्जीरियाविरुद्धच्या क्वार्टरफायनलआधी पुन्हा बोनसची बोंब, पुन्हा ऐन वेळी तोडगा, पुन्हा पोरांनी २-० ने मॅच काढली. मग सेमीफायनल यजमान मोरोक्कोशी, पुन्हा रबात, पुन्हा पेनल्टी, पुन्हा आम्ही घरी. (‘आम्ही’ लिहून गेलो. राहू दे.) चेअरमन आता स्कोअर विचारायच्या आधी “पैसे मिळाले का त्यांना?” असं विचारतो.

काल तिसऱ्या जागेची मॅच होती, इजिप्तशी. तो म्हणाला, ब्राँझसाठी पेट्रोल जाळणार नाही. त्याच्या गॅलरीत एक छोटा जनरेटर आहे, त्या प्रकाराला इथे ‘आय बेटर पास माय नेबर’ म्हणतात, शेजाऱ्यापेक्षा मी बरा! २०२३ च्या मे महिन्यात टिनुबूंनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलची सबसिडी संपल्याचं सांगितलं आणि लिटरमागे दोनशेच्या आत असलेलं पेट्रोल बघता बघता पाचशेच्या आसपास गेलं. तेव्हापासून तो जनरेटर फक्त मुलांच्या परीक्षेला आणि फायनलला लागतो. ब्राँझ या दोन्हींत बसत नाही.

म्हणून आम्ही गल्लीच्या तोंडाशी, टपरीवाल्याच्या फोनवर बघत होतो. एवढासा पडदा आणि वर बारा-पंधरा डोकी. ०-०. पेनल्टी. चेअरमन पाठ करून उभा राहिला, वडिलांसारखा. इजिप्तचा सलाह आला, आणि आमच्या गोलकीपरने, न्वाबालीने, त्याची किक अडवली. त्याच क्षणी गल्लीत वीज आली. दिवे, पंखे, कुठल्यातरी खिडकीतला टीव्ही, सगळं एकदम. इथे वीज आली की लहानथोर सगळे ‘अप नेपा!’ असं ओरडतात. नेपा बंद होऊन वीस वर्षं झाली, ओरडणं गेलेलं नाही. अख्खी गल्ली ओरडली. गॅलऱ्यांतून, टपरीवरून, पलीकडच्या चर्चच्या पायऱ्यांवरून.

चेअरमन वळला आणि मला विचारू लागला, ओरडले कशाला, वीज आली म्हणून की अडवली म्हणून? मी टपरीवाल्याला विचारलं. त्याने खांदे उडवले आणि तोही परत ओरडला.